उंबरठ्याच्या आतला रुग्ण

पल्स पोलिओचा रविवार झाला की पुढचे काही दिवस आशाताई दारोदार फिरतात. बाळाच्या बोटावर शाईची खूण आहे का बघतात, नसेल तर तिथेच दोन थेंब पाजतात आणि दाराशेजारी खडूने खूण करून पुढच्या घरी जातात. क्षयरोगाचे आणि कुष्ठरोगाचे लपलेले रुग्ण शोधायला आरोग्य कर्मचारी वस्त्यावस्त्यांतून हिंडतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ज्या मतदारांनी मागणी केली होती, त्यांचं मत नोंदवायला अधिकारी घरी गेले. माणूस यंत्रणेपर्यंत येऊ शकत नसेल तर यंत्रणेने त्याच्यापर्यंत जायचं, हे तत्त्व आपल्याकडे कधीच मान्य झालेलं आहे. मग भीतीच्या ज्या आजारात घराबाहेर पाऊल टाकणंच अशक्य होऊन बसतं, त्या आजाराच्या माणसाला आपण ‘दवाखान्यात घेऊन या’ एवढंच का सांगतो?

अशा माणसाच्या उपचाराची सुरुवात त्याच्या घरात व्हायला हवी आणि ती जबाबदारी सार्वजनिक आरोग्यसेवेने उचलायला हवी, असं माझं ठाम मत आहे. नाशिकसारख्या शहरात हे जमण्याजोगं आहे. आजवर ते झालं नाही, कारण हा खराखुरा आजार आहे हे आपण मनापासून मान्यच केलेलं नाही.

मान्य न करणं सोपंही आहे. चारचौघांत बोलताना जीभ अडखळणं, नव्या ठिकाणी जाताना पोटात गोळा येणं, हे सगळ्यांनाच होतं. त्यामुळे कुणी ‘मला बाहेर जाववत नाही’ म्हणालं की ऐकणारा स्वतःच्या अनुभवाने त्याचं माप काढतो आणि ‘होईल सवय’ म्हणून मोकळा होतो. पण तीव्र सामाजिक भीतीने ग्रासलेल्या माणसाला कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेडचा पुडा आणायचा असेल, तर तो आदल्या रात्रीपासून वाक्य पाठ करत असतो. दुकानदाराने ‘कुठला देऊ?’ विचारलं तर काय सांगायचं, सुट्टे नसले तर काय, मागे कुणी ओळखीचं येऊन उभं राहिलं तर काय. दुकानात पोचल्यावर घशाला कोरड पडते, हात थरथरतात, चेहरा तापतो आणि सगळं लक्ष आपण इतरांना कसे दिसतोय याकडे लागतं. समोरचा काय बोलला ते धड ऐकूही येत नाही. घरी आल्यावर तो दीड मिनिटाचा प्रसंग दिवसभर मनात उगाळला जातो, आणि दर वेळी त्यात आपली नवी फजिती सापडते. हे बहुतेकांना किशोरवयातच सुरू होतं, म्हणजे नेमकं शाळा-कॉलेजच्या वयात, मैत्री जुळवायच्या वयात.

याच्याच शेजारचा दुसरा आजार म्हणजे अ‍ॅगोराफोबिया. बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये हे नाव दिलं. त्यांच्या रुग्णांना शहरातले मोकळे चौक एकट्याने ओलांडता येत नसत, सोबत कुणी असलं की मात्र पाऊल उचलायचं. आज निदान करताना पाच प्रकारच्या परिस्थिती विचारात घेतल्या जातात. नाशिकच्या माणसाला सांगायचं तर सिटीलिंकची बस, गोल्फ क्लबसारखं मोकळं मैदान, सिनेमागृहासारखी बंदिस्त जागा, रविवार कारंजावरची गर्दी किंवा बँकेतली रांग, आणि एकट्याने घराबाहेर असणं. यांतल्या किमान दोन परिस्थितींची भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकली, तिने रोजचं जगणं अडवलं, की तो आजार धरतात. तिथे छातीत धडधडलं, चक्कर आली, श्वास अडकला, तर निसटता येणार नाही आणि मदतही मिळणार नाही, ही धास्ती त्याच्या मुळाशी असते. असा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. पहिल्या वेळी सगळ्यांना हृदयविकाराचाच संशय येतो. ईसीजी काढला जातो, तो नॉर्मल येतो, आणि ‘काही नाही, टेन्शन घेता तुम्ही’ असं सांगून घरी पाठवलं जातं. पुढच्या झटक्याची वाट बघत जगणाऱ्या माणसाला ते ‘काही नाही’ कसं लागत असेल?

दोन्ही आजार टिकून राहतात ते एकाच गोष्टीवर, आणि ती घरच्यांना समजली तर निम्मी भांडणं मिटतील. सोसायटीच्या पार्किंगपर्यंत गेलेला मुलगा धडधड वाढली म्हणून परत फिरतो. दार लावून घेताच त्याचा जीव भांड्यात पडतो. त्या क्षणी त्याचं मन शिकतं की बाहेर धोका होता आणि आत आलो म्हणून वाचलो. तो खाली थोडा वेळ थांबला असता तर धडधड आपोआप उतरली असती, पण ते अनुभवायची संधी गेली. पुढच्या वेळी जिनाही लांबचा वाटतो, मग लिफ्ट, मग बाल्कनी, मग पाहुणे आल्यावर हॉलमध्ये येणं. जग असं आतल्या आत सरकत येतं. यात आळस नाही, नाटक नाही आणि संस्कार कमी पडल्याचा तर प्रश्नच नाही. माणूस त्रासातून सुटायला बघतो आणि दर सुटकेने अधिक अडकतो.

आता या माणसाला सरकारी रुग्णालयात जायला सांगून बघा. आधी रिक्षा किंवा बस. मग केसपेपरच्या खिडकीपुढची रांग, जिथे मागच्याचा श्वास मानेवर जाणवतो. खिडकीतून नाव, वय आणि ‘कशासाठी?’ हे मोठ्याने विचारलं जातं. पुढे बाकावर थांबणं, शिपायाने नावाचा पुकारा करणं, आणि आत गेल्यावर तिथे आणखी दोन रुग्ण आणि चार शिकाऊ विद्यार्थी उभे असताना ‘बोला, काय होतंय?’ या प्रश्नाचं उत्तर देणं. ज्याला हे सगळं जमतं, त्याला त्या उपचारांची तेवढी निकड उरलेली नसते. जो खरा अडकलाय तो या वाटेवर कुठेच दिसत नाही, त्यामुळे नोंदवहीतही दिसत नाही, आणि नोंदवहीत नाही म्हणून ‘आपल्याकडे असे रुग्ण येत नाहीत’ असं बैठकीत सांगता येतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंताविकार यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या मनोविकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसून आलं. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. पण ही माणसं सापडली कशी, तर सर्वेक्षण करणारे त्यांच्या घरी गेले म्हणून.

आमच्या नात्यातलं एक घर नाशिकरोडला आहे. वडील तिथल्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले, मुलगा इंजिनीअरिंगला. दुसऱ्या वर्षी एका सेमिनारमध्ये बोलता बोलता तो गप्प झाला. वर्गात हसू फुटलं, कुणीतरी मोबाईलवर ते टिपलंही. त्यानंतर काही महिन्यांतच लॉकडाऊन लागला, आणि सगळं जग घरात बसल्यामुळे त्याचं घरात बसणं कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. कॉलेज पुन्हा भरलं तेव्हा तो गेलाच नाही. दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत, फोन वाजला की उचलायचा आईने. वडील म्हणायचे, “आम्ही या वयात तीन पाळ्यांत काम केलंय, याला खालून दूध आणवत नाही?” आई म्हणायची, “अहो, निदान जेवतोय तरी सुखाने, जेवू दे,” आणि ताट खोलीच्या दाराशी न्यायची. मामांनी तोडगा काढला की याला माणसांत मिसळवा. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर लग्न होतं, तिथे त्याला जवळजवळ ओढून नेला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, मुलगा पार्किंगमध्ये गाडीची काच वर करून बसलेला. त्या दिवसानंतर तो आईशीही नीट बोलेना.

त्या घरात बदल झाला तो समुपदेशक बाई घरी येऊ लागल्यावर. सुरुवातीला त्या मुलाला भेटल्याही नाहीत. हॉलमध्ये आई-वडिलांशी बोलायच्या, आवाज आत जाईल एवढ्या मोकळेपणाने. मग एकदा तो पाणी प्यायला म्हणून बाहेर आला. पुढचं सगळं हळूहळू झालं आणि अजून चाललंय. आज तो पहाटे मैदानावर चालायला जातो, बसने थोडं अंतर जातो. लग्नाला जात नाही. पण खोलीचं दार उघडं असतं. हे त्या कुटुंबाला पेन्शनमुळे परवडलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या माणसाच्या घरात असा मुलगा असेल तर त्याने दर भेटीचे पैसे कुठून आणायचे? माझा मुद्दा इथेच सार्वजनिक होतो.

आणि मुलाबद्दल निदान घरात भांडणं तरी होतात. मुलगी किंवा सून घराबाहेर पडत नसेल तर कुणाला खटकतही नाही. उलट तिचं कौतुक होतं की ती उगाच इकडेतिकडे जात नाही. अ‍ॅगोराफोबियाचं निदान पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीच्या आसपास होतं, तरी आपल्या घरांमध्ये तो सगळ्यात बेमालूम लपतो तो स्त्रियांचाच. भाजी नवरा आणतो, मुलांना रिक्षावाले काका शाळेत नेतात, माहेरी जायचं तर कुणीतरी सोबतीला असतंच. तिला एकटीने कुठे जायची वेळच येत नाही, आणि आली की तिचं डोकं दुखतं, पाळी येते, पाहुणे येणार असतात. बँकेत केवायसीसाठी किंवा शाळेत पालकसभेसाठी तिनेच जायला हवं अशी वेळ आली की पहिल्यांदा घरच्यांच्या लक्षात येतं, आणि तेव्हा ‘एवढं साधं जमत नाही?’ हे वाक्य तिला ऐकावं लागतं. कित्येक बायका अशा पंधरा-वीस वर्षं काढतात. चेहऱ्यावर स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल आणि मागे बसायला नवऱ्याची गाडी, एवढ्या आडोशाने त्या दिसायला बाहेर जातातही. आशाताई घरोघरी माहिती घेतात तेव्हा त्यांच्या कागदावर आणखी एकच प्रश्न असावा असं मला फार वाटतं: “ताई, शेवटचं एकटीने बाजारात कधी गेला होतात?” उत्तर द्यायला तिला वेळ लागला तर तेवढ्यावरूनही पुष्कळ कळेल.

पुरुषांमध्ये भीती दुसऱ्या आडोशाला जाते. वरातीत, पार्टीत, वरिष्ठांसमोर उभं राहण्याआधी दोन पेग घेतले की जीभ सैल होते, हे एकदा कळलं की भीतीवरचं औषध म्हणून दारू सुरू होते. आपण व्यसनाबद्दल बोलत राहतो आणि त्याच्या मुळाशी असलेली भीती कुणी विचारत नाही.

घरच्यांच्या वागण्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ओढून नेणं आणि ताट दाराशी नेणं या दोन टोकांमध्येच आपली कुटुंबं हेलपाटत असतात. पहिल्याने भीती पक्की होते, दुसऱ्याने तिला मुक्काम मिळतो. मधली वाट आहे आणि ती शिकवता येते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी चिंताविकार असलेल्या ७ ते १४ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत एक प्रयोग केला. काही मुलांवर थेट मानसोपचार केले. इतरांच्या बाबतीत मुलांना बोलावलंच नाही, फक्त त्यांच्या आई-वडिलांना प्रशिक्षण दिलं. दोन्ही गटांतल्या मुलांमध्ये सारखीच सुधारणा दिसली. लहान मुलांवरचा निष्कर्ष तरण्या मुलांना जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरं. तरी त्यातून एक मोठी गोष्ट कळते की आजारी माणूस दाराबाहेर आला नाही म्हणून उपचार थांबून राहायला नकोत, घरच्यांपासून सुरुवात होऊ शकते. पालकांना तिथे दोन गोष्टी शिकवतात. ‘तुला किती भीती वाटतेय ते मला कळतंय, आणि तुला हे सोसता येईल याची मला खात्री आहे’ असं दोन्ही अंगांनी एका दमात म्हणायला शिकवतात. आणि त्याच्या भीतीसाठी घरादाराने स्वतःला जी मुरड घातलेली असते, ती एकेक करून, आधी सांगून, शांतपणे सैल करायला शिकवतात. फोन त्याच्या वतीने आईने घ्यायचा नाही, पण त्याने तो घेतला नाही म्हणून ओरडायचंही नाही. आपल्या घरांत यातलं दुसरं, म्हणजे न ओरडणं, जास्त कठीण आहे.

हे वेळेत झालं नाही तर काय होतं, ते जपानकडे बघून कळतं. सहा महिन्यांहून जास्त काळ घरात कोंडून घेतलेल्या माणसांचा प्रश्न तिथे १९९० च्या दशकापासून चर्चेत आहे. सरकारने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीवरून १५ ते ६४ वयोगटात अशी सुमारे १४ लाख ६० हजार माणसं असल्याचा अंदाज मांडला गेला. ऐंशीतले आई-वडील आणि पन्नाशीतलं घराबाहेर न पडणारं अपत्य अशी घरं तिथे इतकी झाली की ‘८०-५०’ हे त्या प्रश्नाचं नावच पडलं. तिथल्या सरकारने २००९ पासून प्रांतोप्रांती त्यासाठी खास मदतकेंद्रं उभी केली आणि घरभेट हा त्या कामाचा भाग केला. आपल्याकडे सरकारी प्रेस, एचएएलचा विमान कारखाना, बँका, शाळा इथून निवृत्त झालेली एक अख्खी पिढी आता सत्तरीत आहे. मुलाचा किंवा मुलीचा हा आजार त्यांच्या पेन्शनवर निभावला जातोय. ती पेन्शन थांबली की काय, हा प्रश्न त्या आई-बापांना रात्री झोपू देत नाही, आणि तो ते कुणापुढे बोलून दाखवत नाहीत.

घरी जाऊन उपचार करण्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला खरोखर विचार करण्याजोगा वाटतो. टाळाटाळीनेच आजार वाढतो, तर मग घरपोच सेवा म्हणजे त्या टाळाटाळीची सोयच नाही का? घरबसल्या औषधं, घरबसल्या सल्ला, घरबसल्या किराणा. मग तो बाहेर पडेल कशाला? घरभेट तिथेच संपत असेल तर हा आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच येणाऱ्या माणसाचं काम बसून समजूत घालण्याचं नसावं. या आजारांवर सर्वांत जास्त उपयोगी ठरलेला मानसोपचार म्हणजे भीतीला थोडं थोडं, ठरवून, पुन्हा पुन्हा सामोरं जाणं. त्याची पहिली पायरी रुग्णाच्या दारातच असते, ओपीडीत असू शकत नाही. दार उघडं ठेवून पॅसेजमध्ये उभं राहायचं, धडधड वाढेल, ती उतरेपर्यंत आत यायचं नाही. मग जिना. मग दुपारी दोनला, रस्ता सामसूम असताना, सोसायटीच्या फाटकापर्यंत. मग दुकान, आधी यादी लिहून आणि नंतर बोलून. पहाटेचं गोल्फ क्लब मैदान, जिथे सगळे आपापल्या चालण्यात असतात. सिटीलिंकमध्ये एक थांबा, खिडकीजवळ, मग मधल्या सीटवर. खूप पुढे कधीतरी संध्याकाळचा कॉलेज रोड किंवा रविवारी मिसळीच्या हॉटेलातली गर्दी. दर पायरीला भीती वाटलीच पाहिजे, पण झेपेल एवढी. लग्नाच्या लॉन्सवर ओढून नेणारे मामा आणि हा उपचार यांत फरक हाच, की इथे पुढची पायरी रुग्ण स्वतः निवडतो आणि तिथे पुरेसा वेळ थांबतो.

यात आणखी एक बारकावा आहे, जो प्रशिक्षण नसलेल्या माणसाच्या हातून हमखास सुटतो. बाहेर पडलेला रुग्ण कानात इअरफोन घालतो, मोबाईलमध्ये डोकं खुपसतो, आई फोनवर सतत सोबत असते, खिशात गोळी ठेवलेली असते. त्याने वेळ निभावते, पण ‘मी इअरफोनमुळे वाचलो’ असाच धडा मिळतो. ते आडोसेही हळूहळू काढावे लागतात. आणि लक्ष स्वतःवरून उचलून बाहेर न्यायला शिकवावं लागतं, समोरच्याचा शर्ट कुठल्या रंगाचा, बसमध्ये किती जण उभे आहेत. हे काम खोलीत बसून सांगण्यापेक्षा त्याच्याबरोबर त्या बसमध्ये बसून सोपं होतं.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. देशात दर लाख लोकांमागे एकाहूनही कमी मनोविकारतज्ज्ञ आहे, ते घरोघरी कुठून जाणार? त्यांनी जायचं नाहीच. निदान, औषधं आणि गुंतागुंतीच्या रुग्णांची जबाबदारी त्यांची. वर सांगितलेलं पायरीपायरीचं काम चांगलं प्रशिक्षण आणि नियमित देखरेख असलेला, पदवीने डॉक्टर नसलेला कार्यकर्ता करू शकेल, असं मानायला भक्कम आधार आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमार्फत मानसिक आरोग्याचं काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात, ४१ गावांत, २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ प्रकल्पाची पहिली चाचणी झाली. गावातलीच विश्वासाची माणसं निवडायची, त्यांना प्रशिक्षण द्यायचं, त्यांनी ताणाखाली असलेल्या शेजाऱ्याला ओळखायचं, चार-सहा वेळा भेटून धीर द्यायचा आणि गरज असेल तर पुढे पाठवायचं. पुढे हेच काम गुजरातमध्ये मोठ्या प्रमाणावर नेलं गेलं. आपल्या खेड्यांतून निघालेली ही कल्पना आपल्याच शहरातल्या फ्लॅटपर्यंत पोचलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. खेड्यात निदान ओट्यावर कोण दिसत नाही हे कळतं. सिडकोच्या रो-हाउसमध्ये किंवा इंदिरानगरच्या चौथ्या मजल्यावर शेजारच्या दाराआड कोण आहे हे वर्षानुवर्षं कळत नाही.

कायद्याचं बळही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला, आणि त्या सेवेत रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणं व घरच्या घरी पुनर्वसन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच अटींवर संरक्षण द्यावं, असंही तोच कायदा सांगतो. म्हणजे मी मागतोय ती मेहरबानी नव्हे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि मराठीत बोलता येतं. ही सेवा मोलाची आहे. घरच्यांनी जरूर फोन करावा, आपण काय करावं ते विचारावं. पण सामाजिक भीती असलेल्या कित्येकांना अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं समोरासमोर बोलण्याहून अवघड वाटतं, म्हणून लिहून बोलण्याची वाटही हवी. औषधांबद्दल थोडंच. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या गटातल्या औषधांचा चांगला उपयोग होतो, पण गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तेवढ्यात ‘काही फरक नाही’ म्हणून ती मनाने बंद केली जातात. याउलट अल्प्राझोलामसारखी गोळी लगेच शांत करते, म्हणून ती मागून घेतली जाते. तिची सवय लागते, आणि गोळीच्या आधाराने बाहेर पडलेल्या माणसाला स्वतःचा धीर कधी अजमावता येत नाही. एवढं सांगायला तरी कुणी घरात यायला हवं. शिवाय घराबाहेर न पडणारा प्रत्येक माणूस भीतीनेच अडकलेला असतो असंही नाही. नैराश्य असू शकतं, भास होत असू शकतात, थायरॉइड बिघडलेलं असू शकतं, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर एक दिवसही थांबून चालत नाही. हे बघणारा डोळाही त्या घरभेटीतच मिळेल.

अजूनही कुणाला मानसिक उपचार म्हटलं की ठाणं किंवा येरवडा आठवतं. या आजारासाठी तिथे जायची जवळजवळ कधीच गरज नसते. गरज असते ती आपल्याच वस्तीतल्या एका शिकलेल्या, संयमी माणसाची.

महापालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड. प्रत्येक विभागात दोन कार्यकर्ते, म्हणजे सगळे मिळून बारा, एवढ्यावर सुरुवात करता येईल. त्यात निदान निम्म्या स्त्रिया हव्यात. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या दिंडोरी रोडवर आहे, मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. अशा कार्यकर्त्यांसाठी अभ्यासक्रम आखायला शहराबाहेर जावं लागणार नाही. आठवड्यातून एकदा या बारा जणांनी मनोविकारतज्ज्ञाबरोबर बसून आपापल्या रुग्णांची चर्चा करावी. पहिली नोंद घरातल्या कुणालाही करता यावी, रुग्णाच्या सहीवाचून. पण त्याच्या परवानगीशिवाय कुणी त्याच्या खोलीत शिरू नये. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहर लाखोंची गर्दी सांभाळायची तयारी करतंय. त्या दिवसांत ही माणसं आणखी आत जातील, म्हणून हे काम त्याआधी सुरू व्हावं. आणि येणाऱ्या कार्यकर्त्याच्या गाडीवर किंवा गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘मानसिक आरोग्य’ असं ठळक लिहिलेलं नसावं, फाटकावरच्या वॉचमनच्या वहीत ‘आरोग्य विभाग’ एवढीच नोंद पुरेशी व्हावी.